पाटावरची बंदूक

रिकामी बंदूक पुजत नाहीत, हा शोध आमच्या धाकट्या दिराचा. पण त्याला एकट्याला तरी काय बोलायचं? आमच्या घरात खंडेनवमीला पाटावर रिकामं असं काहीच ठेवत नाहीत. विळा ठेवायचा तर त्याच्याखाली बाजरीचं कणीस हवं. यांचं पेन ठेवायचं तर शाई भरलेलं हवं. आणि माझं शिलाई मशीन ठेवायचं तर सुईत दोरा ओवलेला, बॉबिन भरलेली. आमचे सासरे, आबा, पाटासमोर मांडी घालून बसतात, एकेका वस्तूवर नजर फिरवतात आणि दर वर्षी तेच म्हणतात, "रिकामं काहीच पुजतस नही." मग दिराने बंदुकीत दोन काडतुसं भरली, यात नवल ते काय?

मला तेव्हा काडतुसांचं काही वाटलंच नाही. मला वाटलं ते एवढंच, की पाटाच्या मधोमध माझं मशीन असायचं आणि आज तिथे ही बया आडवी पडलीय.

पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना हायवेपासून थोडं आत आमचं गाव. घरात आबा, आम्ही दोघं, आणि धाकटा दीर आणि जाऊ. आमचे हे शेजारच्या गावी झेडपीच्या शाळेत शिक्षक. शेती दीर बघतो. मी ब्लाउज शिवते. आजूबाजूच्या गावांतल्या बायका कापड घेऊन माझ्याकडे येतात, कारण माझ्या हातची बाही काखेत दाटत नाही. सासूबाई गेल्यापासून पूजेची मांडणी माझ्याकडे आली, आणि मी पहिल्याच वर्षी माझं मशीन टेबलावरून सोडवून पाटाच्या मधोमध ठेवलं. कोणी हूं की चूं केलं नाही. आबा तर म्हणाले, "बठ्ठा घरना कपडा हाईच शिवस." घरातले सगळे कपडे हीच शिवते, असं. बास, मला अजून काय पाहिजे होतं? तेव्हापासून ती जागा माझी. पुढची कितीतरी वर्षं कोणाची छाती झाली नाही तिला हात लावायची.

मग बंदूक आली.

झालं असं, की डोंगराकडच्या आमच्या मक्यात रानडुकरं घुसायला लागली. दिराने शेतीच्या राखणीसाठी म्हणून अर्ज केला, जळगावला खेपा घातल्या, आणि पुष्कळ दिवसांनी लायसन झालं. बंदूक चालवायला शिकल्याचा कागद लागतो म्हणे. तो कागद आला, शिकणं काही आलं नाही. दुकानदाराने काउंटरवर एकदा मधोमध मोडून दाखवली, इथे काडतूस घालायचं, हा घोडा ओढायचा, हा चाप दाबायचा, झालं शिक्षण! दोन नळ्यांची, जुन्या पद्धतीची, वर दोन घोडे असलेली बारा बोअर. घरी आणली त्या दिवशी जावेने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. अहो, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्यावरून ओवाळला नसेल इतक्या प्रेमाने!

जळले मी. सांगते ना, सरळ सांगते, जळले. त्या लोखंडावर नाही, तिच्या तोऱ्यावर. आमची जाऊ स्वभावाने गरीब. खालमानेने काम करणारी, काही विचारलं तर "हां अक्का" म्हणणारी. मला तशीच बरी वाटायची ती. पण बंदूक आल्यापासून तिची मान जी वर झाली, ती झालीच. ब्लाउज टाकायला आलेली बाई आधी तिच्या खोलीत डोकवायची. "दाखव ना वं, कशी शे?" आणि ही आत जाऊन कपाटातून नाही हं, दाराआडच्या खुंटीवरून, छत्रीच्या शेजारी लटकवलेली बंदूक काढून आणायची. बाईच्या मांडीवर द्यायची. बाई डोळा मिटून माझ्याकडेच नेम धरायची, "अक्का, हात वर!" आणि सगळ्या हसायच्या. मी पण हसायचे, तोंडात टाचण्या धरून.

निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तर त्याचाही केवढा मोठेपणा! "आमनी जमा करेल शे," असं ती पाणवठ्यावर सांगायची, जसं काही साहेबांनी हिच्याकडून मागूनच नेली.

आणि ठेवायची रीत तर विचारूच नका. दीर मोटरसायकलवर निघाला की बंदूक मांडीवर आडवी, नळी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटाकडे. पाहुण्यांना शेत दाखवताना बोट करायच्या ऐवजी नळी करायचा, "ती पलीकडची कपाशी बी आपलीच." एकदा जावेने तिच्या नळीने छताची जळमटं काढली. फडकं बांधून! तेल लागलं की दीर माझ्याकडे, "वहिनी, मशीनचं तेल द्या जरा." माझं तेल पिऊन ती बंदूक चकाकायची, आणि माझं मशीन करकरायचं. रानडुकराला मात्र तिने काही इजा केल्याचं मी ऐकलं नाही. दोनदा हवेत बार काढला, दोन्ही वेळा डुकरं शेजारच्याच्या शेतात गेली आणि सकाळी परत आली.

घरात एकाच माणसाला याचा त्रास व्हायचा. आमच्या ह्यांना. हे कॉलेजात एनसीसीत होते, तिथे बंदूक चालवली होती. तेव्हा कोणी बंदुकीला हात लावला की यांचं एकच, "काडतूस काढलंय का? उघडून बघ आधी." दीर म्हणायचा, "रिकामी शे, भाऊ." हे म्हणायचे, "असू दे, तरी उघड." दीर कधी उघडायचा, कधी नुसताच हसायचा. पुढे पुढे तर पाहुण्यांसमोर यांची नक्कलच व्हायला लागली. हे दारातून आले की दीर आधीच म्हणायचा, "उघडस, उघडस!" आणि ओसरी हसायची.

मला काय वाटायचं सांगू? मला यांची लाज वाटायची. एनसीसीत खरोखर नेम मारलेला माणूस, पण कधी चारचौघांत त्याचं नाव काढणार नाही. आणि ज्याला बार काढताना दोन्ही डोळे मिटायची सवय, तो गावभर मिरवतोय. एकदा मी म्हटलं, "तुम्ही पण करा ना अर्ज."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? राखणीसाठी."

"मी काय राखू? खडूचा डबा?"

मी दोन दिवस अबोला धरला. यांच्या ध्यानातही आलं नाही. हे खिडकीजवळच्या खुर्चीत वह्या तपासत बसायचे, आणि मी त्यांच्या उजव्या हाताला, खिडकीच्या उजेडात मशीन चालवायचे. आमचा संसार म्हणजे त्या दोन जागा. बोलायचं असलं की मी मशीन थांबवायचे नाही, तशीच बोलायचे, आणि यांना मशीनच्या आवाजातूनही ऐकू यायचं.

इथे अजून एक सांगायला हवं. आमच्याकडे धाकटी सून जेठासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. जेठ म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आता काळ बदललाय, पुष्कळ घरांत हे राहिलं नाही, पण आबांच्या घरात आहे. जावेला यांना चहा द्यायचा तरी ती कप माझ्या हातात देणार. हे पण ती ओसरीवर असली की खाकरून मगच यायचे. एका छताखाली राहून त्या दोघांनी एकमेकांशी एक वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आणि मला ते आवडायचं. माझ्या वाट्याचं निदान एवढं तरी तिच्यापासून लांब होतं.

तर खंडेनवमीची गोष्ट. सकाळी मी झेंडूचा हार ओवला. माझ्या मशीनसाठी. मी हार कधी साध्या दोऱ्यात ओवत नाही, जाड नायलॉनचा दोरा घेते, तोही दुहेरी, फुलं ओली झाली तरी तुटत नाही. सुई ओवली, बॉबिन भरली, मशीन पुसलं. नैवेद्याचं बघायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर माझं मशीन पाटाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून. मधोमध लाल कापडावर बंदूक, शेजारी काडतुसांचा डबा, डब्यावर कुंकवाचं बोट. आणि माझा हार बंदुकीवर! घोड्यांपासून चापापर्यंत दोन वेढे देऊन गुंडाळलेला.

"हार कोणी घातला?"

जाऊ म्हणाली, "मी घातला अक्का. लहान पडत होता, म्हणून गुंडाळला."

लहान पडत होता! मशीनच्या मापाचा हार तो, तुझ्या बंदुकीला लहान पडणारच ना, बाई! मी आबांकडे बघितलं. वाटलं, आबा म्हणतील, मशीन मधी ठेवा. आबांनी दिराला विचारलं, "रिकामी नही ना?" दीर अभिमानाने म्हणाला, "भरेल शे आबा, दोन्ही." आबांनी मान हलवली आणि अक्षता हातात घेतल्या.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हे तेव्हा शाळेत होते, तिथेही सरस्वतीपूजन असतं. संध्याकाळी आल्यावर माझं मशीन कसं बाजूला सारलं, हार कसा पळवला, हे सगळं मी यांना तिखटमीठ लावून सांगितलं. बंदूक भरून ठेवलीय हे काही सांगितलं नाही. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

पूजेतल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही रीत. बंदूक तशीच पाटावर राहिली, आम्ही तिच्यासमोरून ये-जा करत राहिलो. दसऱ्याला सकाळी आबांनी पुन्हा अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला आणि म्हणाले, "उचला." मग ज्याचं त्याने उचलायचं. मी मशीन उचलून टेबलावर बसवलं. यांनी पेन खिशाला लावलं. दिराने बंदूक उचलली, हारासकट.

"चल, फोटो काढू," तो जावेला म्हणाला.

ती आतून जरीची साडी नेसून आली. ओसरीत खुर्ची मांडली. हे ओसरीवरच होते, म्हणून तिने पदर कपाळापर्यंत ओढला. दीर म्हणाला, "अरे, तोंड तरी दिसू दे," तर तिने लाजत थोडा मागे घेतला. बंदुकीचा दस्ता जमिनीवर, नळी सरळ वर, तिच्या हनुवटीला लागून. दोन्ही हात नळीवर. अशी बसली की काय सांगू! दिसत होती छान, खोटं का बोलू. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी, आणि मनात एकच, माझा असा फोटो कोणी कधी काढलाय? मशीनजवळ बसवून, चल, आज तुझा काढू, असं कोणी कधी म्हटलंय?

दीर मोबाइल घेऊन मागे सरकला, पुन्हा पुढे आला. "थांब, घोडे वढेल बरे दिसतस." वाकून त्याने दोन्ही घोडे मागे ओढले. खट्, खट्.

हे खुर्चीतून उठले. "काडतूस काढलंय का?"

"भाऊ, डबा तो काय, पाटवर शे." आणि खरंच, काडतुसांचा डबा पाटावर होता, कुंकवाच्या बोटासकट. त्यात दोन कमी आहेत हे कोणाला आठवणार? ज्याने भरली तोच विसरला होता. त्याच्या डोक्यात बंदूक म्हणजे कायम रिकामी. आबा आत गेलेले.

"तरी उघड," हे म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, गप बसा ना. प्रत्येक वेळी काय ते!" जाऊ पदराआड हसली.

दीर मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "हारना पाय बंदूक दिसतच नही." हारामुळे दिसत नाही, म्हणून तो पुढे आला, आणि त्याने हार धरून ओढला. चापाला दोन वेढे घातलेला हार. साधा दोरा असता तर तटकन तुटला असता.

हे कसे गेले, मला दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की एका हाताने यांनी जावेची खुर्ची ढकलली आणि दुसऱ्या हाताने नळी स्वतःकडे ओढली. ज्या माणसाने कधी तिच्या सावलीवरून पाय टाकला नाही, त्याने तिला खुर्चीसकट जमिनीवर पाडलं. आणि बार झाला.

ओसरीचा पत्रा फाटला. धूर, झेंडूच्या पाकळ्या, पत्र्याचा गंज, सगळं खाली आलं. जाऊ जमिनीवर, पदर खांद्यावर. दीर तिथेच उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणत राहिला, "मी भरी होती, मी भरी होती." हे उभे होते, उजव्या कानावर तळहात दाबून. बोटांमधून रक्ताची बारीक रेघ मनगटाकडे उतरत होती.

आणि मला, देवा शपथ, पहिल्यांदा काय वाटलं? हे तिच्यासाठी धावले. मी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला उठणारा माणूस, तिच्यासाठी असा धावला! मग मी पुढे जाऊन यांना धरलं. पण पहिल्यांदा ते वाटलं, ते वाटलंच.

धुळ्याला दवाखान्यात नेलं. नळीचं तोंड यांच्या कानाजवळून गेलं होतं, छर्रे वर गेले. डॉक्टर म्हणाले, नशीब. डावा कान बरा आहे, उजव्याने आता ऐकू येणार नाही. बंदूक आबा स्वतः दिराला पुढे घालून ठाण्यात घेऊन गेले. काय झालं ते सांगितलं, लिहून दिलं, लायसन परत केलं. त्या दिवसापासून दीर वर मान करून बोलला नाही. आजही रस्त्यात फटाका वाजला तर जागच्या जागी थांबतो.

गाव लोटलं ते कोणाला बघायला? जावेला! "जिवावरनं गयं माय, जिवावरनं गयं." तिची दृष्ट काढली, तिच्या ओटीत नारळ पडले. पुन्हा आपली तीच मध्ये. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत, कानात कापूस घालून, वह्या तपासत. यांची दृष्ट मी काढली. मोहऱ्या फार तडतडल्या, पण ऐकायला यांना एकच कान.

पुढच्या खंडेनवमीला मशीन पाटाच्या मधोमध आलं. मी ठेवलं नाही, जावेने ठेवलं. हारही तिनेच ओवला. दोरा मात्र मुद्दाम साधा आणला, बाजारातला, जरा ओढला की तुटणारा. आबांनी सुईतला दोरा बघितला आणि अक्षता टाकल्या.

दसऱ्याला मशीन उचललं आणि दुपारी मी त्यावर बसले होते, नेहमीच्या जागी, यांच्या उजव्या हाताला, खिडकीपाशी. मी म्हटलं, "अहो, पुरणपोळी अजून एक घेता का?" हे वहीतच. पुन्हा म्हटलं. मग मशीन थांबवून ओरडून म्हटलं, तेव्हा यांनी वर पाहिलं आणि चेहऱ्यावर आधी ते ओशाळं हसू आलं, जे हल्ली येतं. इतक्यात जाऊ आतून आली. पदर डोक्यावर, पण कप माझ्या हातात दिला नाही. यांच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला गेली, जरा वाकली आणि बेताच्या आवाजात म्हणाली, "दादा, चहा."

हे लगेच वळले. "आण."

वर्षभर ती असंच करत होती. न चुकता डाव्या बाजूने. माझ्या ते डोळ्यांसमोर होतं आणि मला फक्त एवढंच दिसत होतं, की ही आता जेठाशी बोलायला लागली. यांचा कोणता कान चालू आहे हे घरात तिला पाठ होतं. मी आपली जुन्या सवयीने, उजेडासाठी, बहिऱ्या बाजूला बसून वर्षभर ओरडत होते आणि यांना म्हणत होते, तुमचं माझ्याकडे लक्षच नसतं.

त्या बंदुकीने माझी पाटावरची जागा नेली तेव्हा लागलं नव्हतं, इतकं हे लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणालाही न बोलावता मशीन टेबलासकट ओढत नेलं. फरशीवर चरे पडले, पडू दिले. यांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला, भिंतीच्या बाजूला लावलं. तिथे खिडकी नाही. सुईत दोरा ओवायला दोनदा चुकले.

हे वहीतून वर न बघता म्हणाले, "इथे कुठे उजेड आहे?"

"नसू दे," मी म्हटलं.

एकदाच म्हणावं लागलं.